ड्रायरखाली पुन्हा पाणी साचतंय? पंप बदलण्याआधी पाणी मोजा

ड्रायरला नळ जोडलेला नसतो. गळती शोधताना नेमकी हीच गोष्ट सगळे विसरतात. वॉशिंग मशीन गळायला लागलं की पाणी कुठूनही आलेलं असू शकतं, आणि नळ चालू आहे तोवर ते येतच राहतं. ड्रायरमध्ये पाणी जातं ते फक्त ओल्या कपड्यांबरोबर. त्यामुळे आत किती गेलं ते मोजता येतं आणि टाकीत किती जमलं तेही मोजता येतं. उरलेलं एकतर वाफ होऊन खोलीत गेलं, नाहीतर फरशीवर आलं.

नाशिकमध्ये जूनच्या अखेरीस त्र्यंबकच्या बाजूने झड सुरू झाली की बाल्कनीतल्या दोऱ्या निकामी होतात. वर्षभर कोपऱ्यात उभे असलेले ड्रायर एकदम रोज चालायला लागतात आणि मग माझ्यासारख्या मेकॅनिकला फोन सुरू होतात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: "दादा, मागच्या वर्षी पंप बदलला होता, तरी परत पाणी येतंय."

यामागचं कारण सांगतो. पंप बदलणं सोपं असतं आणि बिलावर दाखवायला एक नवा भाग मिळतो. पण पंप काढताना त्याच्याभोवतीचा गाळ आपसूक साफ होतो, आणि गळती थांबते ती त्यामुळे. नव्या पंपाचा त्यात फारसा वाटा नसतो. काही महिन्यांत गाळ पुन्हा बसतो, पाणी पुन्हा येतं, आणि घरच्यांना वाटतं की पंप डुप्लिकेट लावला. मेकॅनिक म्हणून माझं मत विचाराल तर गळतीच्या तक्रारीत पंप जळालेला निघणं ही तशी कमी वेळा घडणारी गोष्ट आहे. तो अडकलेला असतो, नाहीतर पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पुढचं बरंचसं कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायरबद्दल आहे, कारण पाण्याची टाकी त्यांनाच असते. त्यांचं काम असं चालतं: गरम हवा ड्रममधल्या कपड्यांतून फिरते, ओल उचलते आणि कंडेन्सरवर येऊन गार होते. तिथे धरलेले थेंब मशीनच्या तळाशी असलेल्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी जमायच्या खळग्यात उतरतात, आणि तिथून एक लहानसा पंप ते पाणी वरच्या टाकीत चढवतो. साध्या कंडेन्सरमध्ये ही हवा गार करायला खोलीतलीच हवा वापरतात. हीट पंपमध्ये ते काम कॉम्प्रेसर आणि गॅस करतात. पाण्याची वाट दोन्हीकडे तीच.

हात घालण्याआधी स्विच बंद करून प्लग काढा. साध्या कंडेन्सर ड्रायरचा हीटर दोन हजार वॉटच्या पुढे जातो. खाली पाणी असताना ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून खटपट करू नका. गळतीबरोबर घरातला आरसीसीबीही (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून मशीन चालवून बघण्यात शहाणपण नाही.

आधी ठरवा, पाणी कुणाचं?

ड्रायर बहुतेक घरांत ड्राय बाल्कनीत असतो आणि त्याला शेजार असतो तो वॉशिंग मशीनचा. मशीनच्या इनलेट पाइपचा वॉशर गेला, नहाणी ट्रॅप तुंबून पाणी उलटं आलं, पश्चिमेकडच्या भिंतीतून पावसाची ओल उतरली, तरी डबकं ड्रायरखालीच दिसतं, कारण खोलगट जागा तीच असते. ड्रायर एक दिवस अजिबात न लावता खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. कागद भिजला आणि ड्रायरची नळी ड्रेनला जोडलेली नसेल, तर ड्रायर सुटला.

यापेक्षा झटपट उपायही आहे. आरओचं पाणी तपासायचा टीडीएस पेन, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारा पेन असेल तर फरशीवरचं थोडं पाणी स्वच्छ वाटीत टिपून मोजा. ड्रायरचं पाणी वाफेपासून बनलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. नळाच्या पाण्यापेक्षा आकडा बराच कमी येतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत तर हा फरक लगेच कळतो. आकडा नळाच्या पाण्याएवढा आला तर गळती वॉशिंग मशीनकडे किंवा प्लंबिंगमध्ये शोधा. आकडा त्याहूनही जास्त आणि पाणी बुळबुळीत असेल तर ते साबणाचं आहे, त्याच्याकडे पुढे येऊ. फरशीची धूळ आणि जुना साबण पाण्यात मिसळला तर आकडा फसवतो, म्हणून फरशी आधी पुसून घ्या आणि नंतर आलेलं पाणी मोजा.

जाता जाता एक सांगून ठेवतो. ड्रायरच्या टाकीतलं पाणी ‘डिस्टिल्ड’ म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. त्यात धाग्यांचा भुसा असतो, कपड्यांना लावलेल्या कंडिशनरचा अंश असतो. बॅटरीसाठी ते पाणी नाही.

मग हिशोब लावा

प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकणारा काटा घ्या. पिळून निघालेले ओले कपडे एका पिशवीत भरून तोला, ड्रायर पूर्ण चालवा, कपडे पुन्हा तोला. जितके किलो कमी झाले तितके लिटर पाणी कपड्यांतून निघालं. आता टाकीतलं पाणी मापाच्या भांड्याने मोजा.

अंदाजासाठी उदाहरण देतो. सुके असताना ५ किलो भरणारे सुती कपडे १००० आरपीएमवर पिळले की साधारण ८ किलो भरतात. म्हणजे ३ लिटर पाणी निघायला हवं. टाकीत अडीच लिटरच्या पुढे असेल तर मशीन ठीक आहे. सगळंच पाणी टाकीत कधी येत नाही, थोडी वाफ खोलीत जातेच. युरोपात जून २०२५ पर्यंतच्या ड्रायरच्या लेबलवर याची श्रेणीच छापायचे: ९० टक्क्यांहून जास्त पाणी धरलं तर ‘ए’, ८० ते ९० टक्के धरलं तर ‘बी’, ७० ते ८० टक्के धरलं तर ‘सी’. म्हणजे चांगल्या मशीनमध्येही ३ लिटरमागे पाव-अर्धा लिटर हवेत गेलं तर काळजी नको. पण टाकीत दीड लिटर आणि फरशीवर वाटीभर, असा हिशोब आला तर उरलेलं लिटरभर वाफेच्या रूपाने निसटतंय. तिथे पंप निर्दोष आहे. दोष हवेच्या वाटेत, म्हणजे कंडेन्सरच्या, दाराच्या किंवा ड्रमच्या रबरांत शोधायचा. टाकीत जवळपास काहीच नाही आणि फरशीवर तळं, असं असेल तर मात्र सम्प, पंप आणि टाकीकडे जाणाऱ्या नळीकडे वळा.

सोलापुरी चादरी आणि जाड टॉवेल वॉशिंग मशीनमधून निथळत काढून थेट ड्रायरमध्ये टाकले तर पाणी टाकीच्या मापापेक्षा जास्त निघू शकतं. मध्येच टाकीचा दिवा लागून ड्रायर थांबला तर तो बिघाड नव्हे. कपडे जास्त वेगाने पिळून घ्या, नाहीतर टाकी मध्ये एकदा रिकामी करा.

पाणी कधी दिसतं हेही लिहून ठेवा. सुरू केल्या-केल्या आलं तर ते मागच्या फेरीचं, सम्पमध्ये राहून गेलेलं. मध्यावर, हवा सगळ्यात ओली असताना समोरच्या पॅनेलवरून ओघळ आले तर दार किंवा कंडेन्सर. शेवटी-शेवटी आलं तर टाकी भरून उलटं आलेलं. ड्रायर बंद असताना आलं तर ड्रेनला जोडलेली नळी.

बाल्कनीचा उतार

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. ड्राय बाल्कनीची फरशी मुद्दाम नहाणी ट्रॅपकडे उतरती केलेली असते. पाणी वाहून जाण्यासाठी ते बरोबरच आहे, पण त्यावर उभा केलेला ड्रायरही त्याच बाजूला कलतो. आतल्या तळाला स्वतःचा उतार असतो, थेंब सम्पकडे यावेत असा. बाहेरचा कल त्याच्या उलट पडला की पाणी पंपापर्यंत जात नाही, तळाच्या दुसऱ्या टोकाला साचतं आणि कडेवरून फरशीवर सांडतं. अशा मशीनमध्ये पंप बदला, पाण्याची पातळी ओळखणारा फ्लोट बदला, टाकी बदला, काही उपयोग होत नाही. इंदिरानगरमध्ये एका घरी हे तिन्ही भाग बदलून झाले होते. ड्रायरच्या माथ्यावर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवली, तर बुडबुडा पार एका टोकाला. काकूंनी विचारलं, "अहो, मग एवढे दिवस आम्ही कशाचे पैसे दिले?" मला उत्तर देता आलं नाही.

पाणसळ गवंड्याकडे असते, हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. ती माथ्यावर आडवी आणि उभी, दोन्ही बाजूंनी ठेवा. खालचे पाय फिरवून उंची जुळवा आणि पाय जागेवर धरणारे चेकनट घट्ट करा, नाहीतर कंपनाने ते पुन्हा फिरतात. पायाखाली पुठ्ठा किंवा लाकडाची चकती ठेवू नका, ओलीने ती दबते आणि पुढच्या महिन्यात कल परत येतो. रबरी पॅड किंवा फरशीचा तुकडा चालेल. ड्रायर वॉशिंग मशीनच्या डोक्यावर चढवलेला असेल तर आधी खालचं मशीन पातळीत आणा. कपडे घातल्यावरही एकदा पाणसळ बघा. पत्र्याचे हलके स्टँड रिकाम्या मशीनखाली सरळ दिसतात आणि भार आला की वाकतात.

सम्प, फ्लोट आणि गाळ

सम्पमध्ये एक लहान फ्लोट असतो. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कमरेला लागलं की गळ्याशी आलं ते. मशीनसाठी तेच काम हा फ्लोट करतो. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की तो उचलला जातो, ड्रायर थांबतो आणि टाकीचा दिवा लागतो. टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी एका परतीच्या नळीने पुन्हा सम्पमध्ये येतं, आणि फ्लोट वर येतो तो त्यामुळेच.

हा फ्लोट गाळात चिकटला की दोन प्रकारे त्रास देतो. खाली चिकटला तर पाणी कितीही वाढलं तरी मशीनला पत्ता नसतो आणि सम्प ओसंडतो. वर चिकटला तर टाकी रिकामी असूनही दिवा लागतो. दुसऱ्या प्रकारात लोक टाकी काढून-घालून, धुऊन दमतात. टाकीचा त्यात काही दोष नसतो.

गाळ येतो तो लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या धाग्यांच्या भुशाचा. ओला झाला की तो राखाडी चिखलासारखा घट्ट बसतो. नवे टॉवेल पहिल्या काही फेऱ्यांत भरपूर लिंट सोडतात, त्यामुळे सणाला नवे टॉवेल आले की ड्रायरची तक्रार मागोमाग येते.

काढता येणारा कंडेन्सर असेल तर सम्प घरी तपासता येतो. खालची झडप उघडा, खाली जुना टॉवेल अंथरा, कंडेन्सरच्या कड्या फिरवून तो बाहेर ओढा. आतल्या पोकळीत टॉर्च मारा. हाताला लागेल तेवढा गाळ ओल्या फडक्याने पुसून काढा. मग साधारण अर्धा लिटर स्वच्छ पाणी हळूहळू त्या पोकळीच्या तळाशी सोडा. बहुतेक मॉडेलमध्ये ते उतरून सम्पमध्ये जातं. कंडेन्सर परत बसवा, कड्या बंद करा, टाकी पूर्ण रिकामी करून आत ढकला, बाहेर सांडलेलं पाणी पुसा आणि मगच ड्रायर थोडा वेळ चालवा. पाणी टाकीत पोचलं तर पंप ठीक आहे, वाद संपला. घुं-घुं आवाज येतो पण टाकी कोरडी, तर पंपाचा पंखा गाळात अडकला आहे किंवा वर जाणारी नळी बुजली आहे. आवाजच नसेल तर पंपाला वीज पोचते का, हे मेकॅनिकने मीटर लावून बघायचं. तळमजल्यावर किंवा रो-हाउसमध्ये असाल तर आणखी एक शक्यता असते. पावसाळ्यात उंदीर मशीनच्या तळाशी आसरा घेतात आणि ही नळी कुरतडतात.

‘सेल्फ-क्लीनिंग’ कंडेन्सरवाल्या मशीनचा कंडेन्सर बाहेर निघत नाही. जमलेलं पाणीच त्यावर उडवून तो धुतला जातो. सोय चांगली आहे, पण धुतलेला गाळ शेवटी सम्पमध्येच उतरतो. तिथे सम्प उघडून साफ करणं हे मेकॅनिकचंच काम. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या माणसाला पत्रा खोलू देऊ नका.

कंडेन्सर आणि जाळी

दाराजवळची लिंटची जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करायची, यात सूट नाही. हाताने भुसा काढल्यावर ती स्वच्छ दिसते, पण कंडिशनरचा तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर थबकलं तर ती बुजली आहे. मऊ ब्रश आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच लावा. जाळी बुजली की हवेचा जोर कमी होतो आणि लिंट फटींतून वाट काढत थेट कंडेन्सरवर जातं.

काढता येणारा कंडेन्सर पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवा. पातळ पत्र्यांत सुई, टूथपिक, तारेचा ब्रश काही घालू नका, पत्रे वाकले की तिथून हवा जात नाही. धुतल्यावर मुख्य काम विसरू नका: कंडेन्सरच्या कडेचं रबर आणि ते जिथे टेकतं ती मशीनमधली कड पुसून घ्या. लिंटचा बारीकसा गोळाही तिथे राहिला तर फट उरते आणि ओली हवा तिथून निसटून झडपेच्या आतून ओघळते. समोरून, खालच्या झडपेपाशी पाणी येत असेल तर सगळ्यात आधी हे बघा, आणि दोन्ही कड्या पूर्ण फिरल्या आहेत ना तेही बघा. घाईत एकच कडी लावलेली असते.

हीट पंपमध्ये झडपेमागे दिसणारे पत्रे मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने साफ करायचे. ते धारदार असतात आणि त्यांच्यातून गॅसच्या नळ्या जातात, काही मॉडेलमध्ये हा गॅस ज्वालाग्राही असतो. टोकदार वस्तू तिथे चालवायची नाही.

झड आत येऊ नये म्हणून बाल्कनीच्या सरकत्या खिडक्या गच्च बंद करून ड्रायर लावणारी घरं बरीच आहेत. थोड्या वेळात बाल्कनी तापते. साधा कंडेन्सर खोलीच्याच हवेने गार होत असल्यामुळे त्याचं काम मंदावतं, आणि निसटलेली वाफ भिंतीवर, काचेवर, मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर धरते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की गार पत्र्यावर हेच जास्त होतं. ती गळती नाही. खिडकीची एक फट उघडी ठेवा किंवा घराकडचं दार उघडा.

नळी, दार आणि बाकीचं

टाकी रिकामी करायचा कंटाळा म्हणून अनेक जण ड्रायरची नळी थेट ड्रेनला जोडतात. चांगली सोय आहे, पण ती वॉशिंग मशीनच्याच पाइपमध्ये खोल खुपसली की घोळ होतो. मशीन जोरात पाणी फेकतं, ड्रेन तेवढं घेत नाही, आणि साबणाचं पाणी ड्रायरच्या नळीतून उलटं चढतं. ओळखायचं कसं? ड्रायर बंद ठेवून फक्त वॉशिंग मशीन चालवा. ड्रायरखाली फेस आला तर चोर सापडला. नळीचं टोक पाण्यात बुडणार नाही असं मोकळं ठेवा, शक्यतो वेगळ्या तोंडाला. नळी किती उंचीपर्यंत न्यायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं; त्याहून वर नेली तर पंप पाणी चढवू शकत नाही. मशीन भिंतीला टेकवताना नळी चेपली नाही ना, तेही बघा.

दाराच्या रबरासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडून सारखी अडकली पाहिजे. एका जागी अलगद निघाली तर तिथे रबर दबलं आहे, किंवा बिजागरी उतरली आहे. उघड्या दारावर ओल्या कपड्यांची बादली टेकवायची सवय असेल तर बिजागरीच.

ड्रमच्या पुढच्या-मागच्या कडेला नमद्याची (फेल्टची) पट्टी असते. ती झिजली की ओली हवा पत्र्याच्या आतल्या बाजूला जाते आणि तिथे पाणी धरून कुठूनही ठिबकतं. पाठीमागच्या पत्र्याच्या झरोक्यांत लिंटची साय दिसली, तर संशय तिथेच घ्या. हे घरी दुरुस्त होत नाही.

टाकीचं म्हणाल तर ती शेवटच्या ‘खट्’पर्यंत ढकला. अर्धवट बसली की पाणी तोंडात न पडता बाजूने उतरतं. तिला चीर गेली आहे का ते बघायला भरून सुक्या कागदावर तासभर ठेवा.

भिंतीवर लावायचे छोटे व्हेंटेड ड्रायर पाणी साठवतच नाहीत, वाफ बाहेर सोडतात. त्यांच्यातून पाणी आलं तर ते पाइपमध्ये गार होऊन परत फिरलेलं असतं. पाइप मध्ये झोळीसारखा लोंबत असेल तर तो ताणून आखूड करा, बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि बाहेरची झडप उघडते का पाहा. कबुतरांना ती जागा फार आवडते.

वॉशर-ड्रायर एकत्र असेल तर वरचा हिशोब तसाच लागू होत नाही. त्यांतली बरीच मशीन वाळवतानाही वाफ गार करायला नळाचं पाणी घेतात आणि ते ड्रेनमध्ये सोडतात. तिथे इनलेट व्हॉल्व्ह, दाराच्या रबराच्या घडीत बसलेलं लिंट आणि जास्त पावडर हे तीन नेहमीचे संशयित.

एवढं करूनही पाणी येत असेल तर मेकॅनिकला ‘लीकेज आहे’ एवढंच सांगू नका. कपड्यांतून किती लिटर निघालं आणि टाकीत किती आलं, पाणी फेरीच्या कोणत्या टप्प्यावर दिसतं, पुढून की मागून, पाणसळ काय दाखवते आणि अर्धा लिटरच्या चाचणीत पंपाने पाणी उचललं का, हे सांगा. आणि तो आल्या-आल्या पंप काढायला निघाला, तर आधी फ्लोट दाखवायला सांगा.